आईची जबानी

वयाच्या ५२ व्या वर्षी माणसाने आपल्या बालपणाचा दाखला मागावा, आणि तो देणारी व्यक्ती अद्याप हयात आहे किंवा कसे याची परदेशातील एका दवाखान्याने पत्राने विचारणा करावी, ही गोष्ट मला प्रथम चमत्कारिक, नंतर किंचित अपमानास्पद, आणि अखेरीस, मोडी कागदांच्या सहवासात आयुष्याचा मोठा भाग घालविलेली बाई या नात्याने, अगदी रीतसर वाटली. आपल्याकडे वतनाचा तंटा निकालात निघण्यापूर्वी गोतसभा बसे, गावातील वृद्ध माणसे बोलावून त्यांच्या जबान्या होत, आणि ज्या महजरात हे सारे नमूद होई त्याच्या शेवटी लिहिता न येणारा पाटील नांगराची आणि शिंपी कात्रीची निशाणी करून आपली साक्ष पुरी करी. माझ्या प्रकरणातील वतन म्हणजे माझे स्वतःचे चित्त होते, आणि ते जन्मापासून असेच वहिवाटत आले की मध्येच कोठून असे झाले, एवढाच काय तो तंट्याचा मुद्दा होता.

मी मूळची वाईची. वडील छापखान्यात मुद्रितशोधक होते. पुण्यात शिकत असताना मला मोडीची गोडी लागली, आणि ज्या लिपीत आधी आडवी रेघ ओढून घ्यावयाची व मग शब्दाशब्दांत अंतर न ठेवता तिला अक्षरे लटकवीत जावयाचे, त्या लिपीत माझ्यासारखीला इतके सुख का वाटावे याचा विचार करण्याचे त्या वेळी काही कारण पडले नाही. लग्नानंतर इंग्लंडात आले आणि गेली १९ वर्षे मध्य इंग्लंडातील एका परगण्याच्या दफ्तरखान्यात जुन्या कागदांच्या सूची करीत आहे. हे काम तळघरातील एका लहान खोलीत, खिडकीकडे पाठ करून, एकटीने चाले. पुढे वरिष्ठांच्या मनात आले की भिंती पाडून एक मोठे दालन करावे आणि कोणी कोणत्या मेजावर बसावयाचे ते रोज सकाळी नव्याने ठरावे. त्यानंतरच्या तीन महिन्यांत मी संध्याकाळी घराच्या दारात मोटार उभी करून, आत जाण्याचे बळ येईपर्यंत, अर्धा अर्धा तास अंधारात बसू लागले. तिकडे एका गिरणीच्या हिशेबवह्यांची सूची चार वर्षे अपुरी पडली होती, कारण त्या वह्यांच्या कागदावरील जलचिन्हांचा माग काढण्यात मी कित्येक दिवस जेवणखाण विसरून घालविले होते आणि ज्या मजकुराची सूची मागितली होती त्याला हातही लावला नव्हता. मेजावर थंड झालेल्या चहाचे पेले उभे असत. माझ्याहून वीस वर्षांनी लहान असलेल्या एका सहकारी मुलीने ते उचलता उचलता, अत्यंत सहजपणे, “तुम्ही कधी तपासून घेतलंय का?” असे विचारले, आणि मी तिला कागदाला लागलेल्या कसरीविषयी उत्तर दिले.

तिच्या प्रश्नाचा रोख मागाहून उमगल्यावर मी आमच्या विभागाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी ऑटिझमविषयीचा दहा प्रश्नांचा एक कागद पुढे केला. सहा किंवा अधिक गुण पडले की प्रकरण पुढे पाठवावे असा त्यांचा संकेत आहे. मला आठ पडले. अवधानाविषयीचा अठरा प्रश्नांचा कागद निराळा. पाठवणीपासून तीन महिन्यांच्या आत ऑटिझमची तपासणी सुरू व्हावी, असा या देशातील आरोग्यसेवेचा मानदंड छापलेला आहे. परंतु छापील मुदत आणि कचेरीतील मुदत यांत जे अंतर पेशवाईत होते तेच येथेही आहे, आणि डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितले की आमच्या भागात ही गोष्ट वर्षांची आहे. सरकारी खर्चाने दुसरी संस्था निवडण्याचा हक्क इंग्लंडातील रुग्णाला आहे खरा, पण त्या संस्थांपुढेही रांगा लागलेल्या होत्या. मी स्वतः थांबले असते. बावन्न वर्षे थांबलेल्या बाईला आणखी चार वर्षांचे काय? पण आई ८२ वर्षांची होती. साक्षीदार डोळ्यांदेखत म्हातारा होत असता तारखेवर तारीख पडू देणे हे कोणत्याही जाणत्या कारकुनाला मानवणार नाही, म्हणून १,८५० पौंड भरून मी खाजगी दवाखान्यात अर्ज गुदरला.

पैशाचा हा व्यवहार माझ्या मनाला बरेच दिवस टोचत राहिला. निवाडा विकत घेतला असे कोणी म्हणेल, किंबहुना असे मीच म्हणेन, ही भीती होती. जुन्या न्यायव्यवस्थेत जिंकणाऱ्याकडून हरकी घेत आणि हरणाऱ्याकडून गुन्हेगारी. येथे रक्कम आगाऊ घेतली होती आणि निकाल कसाही लागला तरी तीच राहणार होती, एवढ्या एका फरकावर मी आपले समाधान करून घेतले.

मग प्रश्नावल्या आल्या. पन्नास विधाने, प्रत्येकापुढे चार पर्याय, आणि पाचव्याची सोय नाही. मेजवानीपेक्षा ग्रंथालयात जाणे मला आवडेल काय, अशा अर्थाच्या एका विधानापुढे मी समासात लिहिले की मेजवानी कोणाकडे आहे आणि ग्रंथालयात कोणता संग्रह आहे हे कळल्याखेरीज उत्तर देणे शक्य नाही. अशी टिपणे एकूण ३१ झाली. नंतर मला समजले की ती टिपणे उत्तरांपेक्षा अधिक काळजीपूर्वक वाचली गेली.

या काळात, माझ्या खोडीप्रमाणे, मी या विषयाचे दफ्तरच उपसले. ‘ऑटिझम’ हा शब्द ब्लॉयलर या स्विस वैद्याने १९११ साली छापलेल्या ग्रंथात भलत्याच विकाराच्या वर्णनासाठी योजला होता. बाल्टिमोरच्या कॅनरने १९४३ मध्ये अकरा मुलांची हकीकत लिहून त्याला आजच्या वाटेवर आणले. आपण मराठीत त्याला ‘स्वमग्नता’ म्हणतो. शब्दातील ‘मग्न’ मला मान्य आहे, ‘स्व’ मात्र मान्य नाही, कारण मी मग्न असते ती कागदात, जलचिन्हात, शिरोरेषेच्या जाडीत, आणि ज्या एका ठिकाणी माझे चित्त क्षणभरही ठरत नाही ते ठिकाण म्हणजे मी स्वतः. माझ्या लहानपणी या साऱ्याला घरगुती शब्द होते, धांदरट, विसरभोळी, घुमी, एककल्ली. त्यांतील ‘एककल्ली’ मला आजही कोणत्याही ग्रंथातील व्याख्येपेक्षा नेमका वाटतो.

या वाचनात एक गोष्ट मला अस्वस्थ करून गेली. मुलाच्या या अवस्थेचे मूळ आईच्या मायेच्या अभावात आहे, असे मत एकेकाळी मोठ्या अधिकाराने मांडले जाई, आणि ब्रूनो बेटेलहाइम याने १९६७ मध्ये त्यावर एक गाजलेला ग्रंथही लिहिला. ते मत पुढे निकालात निघाले. १९८१ साली आस्पेर्गर या वैद्याचे याच विषयावरील विस्मृत संशोधन इंग्रजीत पुढे आणणारी लोर्ना विंग ही स्वतः अशाच एका मुलीची आई होती, आणि १९६२ मध्ये लंडनात पालकांची जी संस्था उभी राहिली तिच्या संस्थापकांत ती होती. पण वाईच्या घरात बसलेल्या माझ्या आईला यातले काहीच ठाऊक नसता, तिने मुलीला कशी वाढविली याचे प्रश्न एका अनोळखी गोऱ्या बाईने विचारावयाचे म्हणजे ती त्यांत आरोपच ऐकणार, हे मला दिसत होते.

प्रत्यक्ष तपासणीचे दोन दिवस थोडक्यात सांगते. एके दिवशी कपाळाला एक पट्टी बांधून मला संगणकापुढे वीस मिनिटे बसविले. पडद्यावर आकृती येत, आणि लागोपाठ दोन सारख्या आल्या की कळ दाबावयाची. पट्टीवरील चकाकत्या गोळीवरून समोरचा कॅमेरा माझे डोके किती हलते ते मोजीत होता. मी अगदी स्तब्ध बसले आहे अशी माझी समजूत होती, परंतु नंतर दाखविलेल्या आलेखात माझ्या मस्तकाने काढलेली रेघ पाहून वाटले, ही तर घसट मोडीच आहे. दुसऱ्या दिवशी दोन बायका, एक मानसशास्त्रज्ञ आणि एक वाचातज्ज्ञ, माझ्याशी अडीच तास बोलल्या. त्या कसोट्यांचा तपशील मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे ज्यांची पाळी आहे त्यांनी त्या कोऱ्या मनाने द्याव्यात, एकच सांगते. बोलता बोलता मानसशास्त्रज्ञ बाई म्हणाली की ती परवा डोंगरात फिरावयास गेली होती, आणि थांबली. मी मान डोलविली. तीही गप्प बसली, मीही गप्प बसले, आणि छताच्या नळीदिव्याची गुणगुण ऐकत राहिले. तिने दार किलकिले करून ठेवले होते आणि मी ते अदबीने लावून घेतले, हे मला अहवाल हाती आल्यावर कळले.

आईची जबानी फेब्रुवारीतील एका सकाळी दहा वाजता झाली. वाईत तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते. भाच्याने तिच्यापुढे फोन उभा करून दिला होता. मुलीने आईचे भाषांतर करावयाचे नाही हा दवाखान्याचा नियम रास्त होता, म्हणून बर्मिंगहॅममधील एक दुभाषी बाई नेमली होती. ती नागपूरची, मोठी गोड बोलणारी. मला ऐकण्याची मुभा मिळाली ती एका शर्तीवर, की मी काही झाले तरी अक्षर बोलू नये.

आईने इस्त्रीचे लुगडे नेसले होते. पहिल्याच प्रश्नाआधी तिने जाहीर केले, “माझ्या मुलीत काही खोट नव्हती. पहिला नंबर असायचा तिचा.”

मानसशास्त्रज्ञ बाईने विचारले की लहानपणी ती काल्पनिक खेळ खेळत असे काय. दुभाषी बाईने क्षणभर शब्द शोधला आणि म्हणाली, “आजी, खोटंखोटं करायची का ती?”

“खोटं?” आईचा आवाज चढला. “माझी मुलगी जन्मात कधी खोटं बोलली नाही. उलट तिच्या खरं बोलण्यानेच आमची पंचाईत व्हायची. मामंजींच्या तेराव्याला आलेल्या बायकांना तिनं सांगितलं, की आजोबा तुम्हांला कंटाळायचे.”

घोटाळा निस्तरल्यावर भातुकलीची गोष्ट निघाली. होय, भातुकली होती, पितळेची, आजोळची. होय, रोज खेळायची. काय खेळायची? “लावून ठेवायची. मोठ्यापासून लहानापर्यंत, ओळीनं. तेरा भांडी होती. कुणी हात लावला की पुन्हा पहिल्यापासून.” स्वयंपाक? पाहुणे? बाहुलीला जेवू घालणे? “छे. मग ओळ मोडली नसती का?” दुभाषी बाईने ‘थर्टीन’ असे स्वच्छ सांगितले; मानसशास्त्रज्ञ बाईने लिहिता लिहिता स्वतःशी ‘थर्टी’ असे म्हटलेले मी स्पष्ट ऐकले, आणि त्या दोन तासांत मला सर्वांत जड काही गेले असेल तर त्या क्षणी तोंड बंद ठेवणे.

मैत्रिणी होत्या काय? “होत्या की. शेजारची मुलगी रोज यायची. ही तिला विश्वकोश वाचून दाखवायची.” ही गोष्ट खरी आहे. विश्वकोशाचे कार्यालय आमच्या गावातच. त्याचा ‘अंक ते आतुरचिकित्सा’ हा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला, आणि वडिलांनी तो घरी आणल्यावर मी पुढील काही वर्षे त्यातील नोंदींची शीर्षके अनुक्रमाने पाठ केली. “मग तिच्या वडिलांची बदली झाली,” आई म्हणाली. नंतर थोडी थांबून, कोणी विचारले नसता, म्हणाली, “नाही. बदली मागाहून झाली. यायची आधीच बंद झाली होती.”

विसरत असे काय? “कधीच नाही. काही म्हणून विसरली नाही.” मानसशास्त्रज्ञ बाई वाट पाहत राहिली, या बायका वाट फार चांगली पाहतात. “मी दारात उभी राहायची ना,” आई म्हणाली. “डबा, दप्तर, रुमाल, चपला. रोज चार बोटं मोजून. आणि जे राहायचं ते मधल्या सुट्टीत मी नेऊन द्यायची.” मधल्या सुट्टीत शाळेच्या फाटकापाशी आई उभी असे हे मला आठवते. सगळ्यांच्याच आया येतात, अशी माझी त्या वेळी समजूत होती.

मोठ्या आवाजांचे काय? येथे आई प्रथमच कॅमेऱ्याकडे न पाहता खाली पाहू लागली. लग्नात बँड सुरू झाला की मी कान दाबून पळत सुटत असे. एकदा मला कृष्णेच्या घाटावरून शोधून आणावे लागले. “मग मी एक युक्ती केली. नात्यात लग्न असलं की आधी जाऊन यजमानांना सांगायची, की आहेर लिहायला आमची मुलगी बसेल. आहेर लिहायची खोली आतली असते. दार लावता येतं.”

आता हे मला कधीही ठाऊक नव्हते. नऊ-दहा वर्षांची असल्यापासून आमच्या साऱ्या गोतावळ्यात आहेराची यादी मी लिहीत असे: कोणी काय दिले, किती रुपये, कोणते भांडे, कोणत्या रंगाचा खण. माझे अक्षर सुरेख म्हणून हा मान मला मिळाला, अशी माझी चाळीस वर्षांची खात्री होती. त्याच खोलीत, बाहेर मांडवात ताशे वाजत असता, याद करणे म्हणजे काय हे मी शिकले, आणि पुढे तोच माझा पोटापाण्याचा व्यवसाय झाला. ती खोली आईने मागून घेतली होती. घराघरांतून, लग्नालग्नांतून, कोणाच्या ध्यानात न येता ती माझ्या पुढे जाऊन जागा करून ठेवीत आली होती, आणि मी मोकळ्या वाटेने चालत गेले म्हणून वाट मोकळीच असते असे समजले. मी कॅमेऱ्याच्या बाहेर बसले होते, त्यामुळे माझा चेहरा कोणालाच दिसला नाही.

“सगळ्यांचंच असतं हे,” आई शेवटी म्हणाली. “मलाही कुठे सोसतो बँड? मी स्वैपाकघरात असायची.”

ट्रंकेतून काढलेली प्रगतिपुस्तके भाच्याने छायाचित्रे घेऊन पाठविली. त्यांवर पाच निरनिराळ्या शिक्षकांचे शेरे होते आणि पाचांचा आशय एकच, हुशार पण वर्गात लक्ष नसते. अवधानाच्या विकाराची लक्षणे बाराव्या वर्षापूर्वी दिसली पाहिजेत असा नियम असल्याने या शेऱ्यांना अस्सल दस्तऐवजाचे मोल आले.

तीन आठवड्यांनी निवाडा आला, २४ पृष्ठांचा: ऑटिझम आहे, आणि एडीएचडीही आहे. ही दोन्ही निदाने एकाच माणसाला देण्याची अमेरिकन संहितेची परवानगी २०१३ मधील. त्याआधी एकाने दुसऱ्याला बाद करावे असा दंडक होता, आणि मी चाळिशीपूर्वी गेले असते तर कोणत्या तरी एका अर्ध्यावर माझी बोळवण झाली असती. औषधाचा अध्याय लांबवीत नाही. ते नियंत्रित द्रव्य, रक्तदाब मोजून आठवड्याआठवड्याने मात्रा वाढवावयाची. ते लागू पडले हे मला ज्या सकाळी चहा गरम असताना पिऊन झाला त्या सकाळी कळले. परंतु खाजगी निदानावर सरकारी खर्चाने औषध लिहून देण्यास आमच्या विभागाच्या दवाखान्याने नकार दिला, तेव्हा ज्या रांगेतून मी पैसे मोजून बाहेर पडले होते तिच्याच शेपटाशी आज पुन्हा उभी आहे, आणि तोवर दरमहा औषधाचे पैसे पदरचे भरते. दफ्तरखान्याने मात्र माझी तळघरातील खोली परत दिली.

अहवाल मी आईला फोनवर मराठीत वाचून दाखविला. ती कोठेही मध्ये बोलली नाही. भातुकलीच्या परिच्छेदाशी मात्र तिने मला थांबविले.

“किती म्हणालीस?”

“तीस लिहिलंय.”

“तीस? अगं, तीस भांडी आपल्या खऱ्या स्वैपाकघरात नव्हती. तेरा. घागर, कळशी, परात, पातेलं, तवा, पोळपाट, लाटणं, पळी, झारा, उलथनं, खलबत्ता, किसणी, आणि पातेल्याचं झाकण. झाकण धरून तेरा. त्यांना कळव.”

मी कळविले. दवाखान्याकडून सौजन्यपूर्ण उत्तर आले की या तपशिलाने निष्कर्षात काही फरक पडत नाही. ते मी आईला सांगितले. ती म्हणाली, फरक पडतो की नाही हे तिने विचारलेच नव्हते.

मी पुन्हा लिहिले.